राष्ट्राध्यक्षाचा जीव वाचला नाही म्हणून एक पोरगा भरतकाम शिकला, त्याच टाक्यावर आज लिव्हर ट्रान्सप्लांट होतं

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असा मेसेज आपल्या सगळ्यांना कधी ना कधी आलेला असतो. अमक्याचं लिव्हर निकामी झालंय, ट्रान्सप्लांट करायचंय, अमुक रक्तगटाचा डोनर हवाय, पैसे कमी पडतायत, जमेल तशी मदत करा. कधी बापासाठी पोरगा लिव्हरचा तुकडा देतो, कधी लेकरासाठी आई देते. महिनाभराने फोटो येतो, दोघंही बरे आहेत. आपण हात जोडल्याची इमोजी टाकतो आणि पुढे जातो.

पण एका माणसाचं लिव्हर दुसऱ्याच्या पोटात बसवायचं म्हणजे डॉक्टर नेमकं करतात काय?

अगदी साध्या भाषेत सांगायचं तर शिवतात. लिव्हरला रक्त आणणाऱ्या आणि लिव्हरमधून रक्त नेणाऱ्या नळ्या पेशंटच्या नळ्यांना जोडतात. त्यातली एक नळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. तिथे एक टाका चुकला आणि आत रक्ताची गुठळी झाली, तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

हा टाका कसा घालायचा हे जगाला ज्याने शिकवलं त्याचं नाव अलेक्सी कारेल. त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. आणि ज्या गावात तो डॉक्टर झाला, त्या गावाने पुढे त्याचं नाव कॉलेजच्या पाटीवरून पुसून टाकलं. या दोन्ही गोष्टी कशा झाल्या ते बघू.

गोष्ट सुरू होते १८९४ साली.

२४ जूनची रात्र. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियॉन शहरात आले होते. प्रदर्शनानिमित्त मेजवानी झाली आणि ते उघड्या घोडागाडीतून निघाले. रस्त्यावर गर्दी होती. त्या गर्दीतून कासेरिओ नावाचा विशीतला एक इटालियन अराजकवादी पुढे आला, गाडीच्या पायरीवर चढला आणि त्याने कार्नोंच्या पोटात खंजीर खुपसला.

खंजीर लिव्हरमध्ये घुसला आणि त्याने पोर्टल व्हेन कापली. पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणारी मोठी शीर. लिव्हरला मिळणारं साधारण तीन चतुर्थांश रक्त हिच्यातूनच येतं.

शहरातले मोठमोठे सर्जन धावत आले. पण करणार काय? कापलेली मोठी शीर पुन्हा शिवून सुरू करायची खात्रीची पद्धत तेव्हा कुणाकडेच नव्हती. मध्यरात्र उलटली आणि थोड्या वेळात राष्ट्राध्यक्ष गेले.

अख्खा फ्रान्स हळहळला. त्याच लियॉनमध्ये तेव्हा २० वर्षांचा एक पोरगा डॉक्टरकी शिकत होता. तो हळहळला नाही, तो चिडला. शीर शिवता आली असती तर माणूस जगला असता, आणि शीर शिवता येत नाही ही सर्जरीची लाज आहे, असं तो उघडपणे म्हणू लागला. वरिष्ठांना हे आवडण्यासारखं नव्हतंच.

हा पोरगा म्हणजे कारेल. जन्म २८ जून १८७३, लियॉनजवळच्या सेंत-फोय गावातला. बाप कापडाच्या धंद्यात होता, पण पोरगा पाचेक वर्षांचा असतानाच गेला. पोराने पुढे बापाचंच नाव लावलं. आईने पोरांना एकटीने वाढवलं. आणि लियॉन म्हणजे रेशमाचं शहर. पैठणला पैठणीचं जे, ते लियॉनला रेशमाचं.

कारेल बोलून थांबला नाही. लियॉनमध्ये मादाम लरुदिए नावाच्या भरतकामात नावाजलेल्या बाई होत्या. हा डॉक्टरकीवाला पोरगा त्यांच्याकडे गेला आणि बारीक सुईने नाजूक टाका कसा घालायचा ते शिकला. नंतर तो कागदावर टाके घालून सराव करायचा, असं सांगितलं जातं.

आता शीर शिवणं एवढं अवघड का होतं ते समजून घेऊ.

शर्टाच्या बाहीचं टोक हाताने शिवून बघा. सुई पुढच्या कापडातून जाते आणि नकळत मागचं कापडही पकडते. बाही बंद. शिरेचं तसंच होतं. त्यात शीर मऊ, ओली आणि निसटती. टाका सैल पडला तर रक्त गळतं, आवळला तर नळी अरुंद होते. धागा किंवा शिरेची फाटकी कड आत डोकावली तर तिथे रक्त गोठतं आणि नळी तुंबते.

कारेलने यावर काढलेला उपाय ऐकायला फार सोपा वाटतो. शिरेची दोन तोंडं समोरासमोर आणायची आणि गोलावर सारख्या अंतराने तीन टाके घालायचे. तीन टाक्यांचे धागे तीन दिशांना हळूच ओढले की गोलाचा त्रिकोण होतो. आता गोल शिवायचाच नाही, त्रिकोणाच्या तीन सरळ बाजू एकेक करून शिवायच्या. मागची भिंत सुईत अडकत नाही आणि नळीही अरुंद होत नाही. सुया अतिशय बारीक घ्यायच्या, रेशमाच्या धाग्याला व्हॅसलीन लावायचं म्हणजे तो शिरेला इजा करत नाही. आणि स्वच्छता अशी पाळायची की तिथे तडजोडच नाही.

१९०२ मध्ये त्याने ही पद्धत लियॉनच्या वैद्यकीय पत्रिकेत छापली. शिरा जोडता आल्या तर अख्खा अवयवही एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवता येईल, हे त्याने तेव्हाच मांडलं होतं.

मग तर लियॉनने त्याला डोक्यावर घेतलं असेल ना? उलट झालं.

त्याच १९०२ मध्ये तो पेशंटांच्या एका गाडीबरोबर डॉक्टर म्हणून लूर्दला गेला. लूर्द हे कॅथलिकांचं मोठं तीर्थक्षेत्र, तिथल्या पाण्याने आजार बरे होतात अशी श्रद्धा आहे. गाडीत पोटाच्या टीबीने मरायला टेकलेली एक तरुण मुलगी होती. तिथे गेल्यावर काही तासांत तिचं फुगलेलं पोट उतरलं आणि ती सावरली. कारेलने जे पाहिलं ते सांगितलं, वर कारण आपल्याला कळत नाही हेही सांगितलं. झालं! श्रद्धावाल्यांना वाटलं हा संशय घेतो, मेडिकलच्या प्रोफेसरांना वाटलं हा चमत्काराला भुलला. दोन्हीकडून मार. लियॉनच्या हॉस्पिटलात कायमची जागा मिळवायच्या परीक्षेत तो आधीच अडकला होता, आता उरलीसुरली आशाही संपली.

१९०४ मध्ये त्याने देश सोडला. आधी कॅनडात मॉन्ट्रियलला, तिथून अमेरिकेत शिकागोला.

शिकागो विद्यापीठाच्या हल लॅबोरेटरीत त्याला चार्ल्स गथ्री नावाचा जोडीदार मिळाला. दोघांनी मिळून दोनेक वर्षांत शिरा, किडन्या, थायरॉइड असं काय काय कुत्र्यांमध्ये काढून पुन्हा जोडलं. या कामात गथ्रीचा वाटा मोठा होता, पण नाव झालं कारेलचं. गथ्रीला नोबेल मिळालं नाही आणि यावर आजही वाद होतो.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने कारेलला बोलावून घेतलं.

एका बापाचं मनगट

१९०८ सालची घटना. न्यूयॉर्कमध्ये एका सर्जनच्या घरी मुलगी झाली. काही दिवसांतच बाळाच्या नाका-तोंडातून रक्त यायला लागलं आणि काही केल्या थांबेना. बाळ पांढरंफटक पडलं. घरात डॉक्टर असूनही कुणाला काही करता येईना.

बाळाला रक्त द्यायला हवं होतं. पण तेव्हा ब्लड बँक नव्हती. शरीराबाहेर काढलेलं रक्त लगेच गोठायचं, ते साठवायची सोय नव्हती. रक्तगटांचा शोध लागून काही वर्षं झाली होती, पण गट जुळवून रक्त द्यायची पद्धत अजून रुळली नव्हती.

कुणीतरी कारेलचं नाव काढलं. तो तर कुत्र्यांवर काम करणारा माणूस. पण बाप स्वतः त्याला घेऊन आला.

घरातल्याच टेबलावर तयारी झाली. बाप बाळाच्या शेजारी आडवा झाला. कारेलने बापाच्या मनगटाची रोहिणी उघडली, बाळाच्या गुडघ्यामागची काडीएवढी शीर उघडली आणि दोन्ही एकमेकींना शिवल्या. बापाच्या हृदयाने ढकललेलं रक्त थेट लेकीच्या अंगात जाऊ लागलं. पांढरं पडलेलं बाळ हळूहळू गुलाबी झालं. रक्तस्राव थांबला. पोर जगली.

आज नवजात बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, ते अशाच रक्तस्रावासाठी. रक्त गोठवणारे घटक लिव्हर तयार करतं आणि त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. हे कळायला तेव्हा अजून पंचवीसेक वर्षं जायची होती.

आयसीयूच्या बाहेर बसून आपलं लिव्हर चालेल का असं विचारणारा आजचा बाप आणि १९०८ मध्ये मनगट पुढे करणारा तो बाप यांच्यात फार अंतर नाही.

१९१२ मध्ये कारेलला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, शिरा शिवण्याच्या आणि अवयव रोपणाच्या कामासाठी. वय अवघं ३९. अमेरिकेत काम करणाऱ्या माणसाला मिळालेलं हे वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल.

पण एक कोडं त्याला सुटलं नाही.

कुत्र्याची स्वतःची किडनी काढून त्याच कुत्र्याला परत बसवली की ती छान चालायची. तीच किडनी दुसऱ्या कुत्र्याला बसवली की सुरुवातीला चालायची आणि मग बंद पडायची. टाके तेच, हात तोच, तरी. कारेलच्या लक्षात आलं की शिवण्याचा प्रश्न सुटलाय, आता अडचण शरीराच्या आतली आहे. शरीर परकं आणि आपलं ओळखतं आणि परक्याला हाकलतं. का आणि कसं, हे मात्र त्याला उलगडलं नाही.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये होता. काँपिएन्यच्या हॉस्पिटलात त्याने हेन्री डेकिन या केमिस्टबरोबर जखमा धुवायची पद्धत बसवली. जखमेत रबराच्या नळ्या सोडायच्या आणि ठराविक वेळाने सौम्य हायपोक्लोराइटचं पाणी सोडत राहायचं. अँटिबायोटिक नसलेल्या त्या काळात या पद्धतीने कित्येक सैनिकांचे हातपाय वाचले.

पुढे त्याला भेटला चार्ल्स लिंडबर्ग. हो, १९२७ मध्ये एकट्याने विमानाने अटलांटिक ओलांडणारा तोच. त्याच्या मेहुणीच्या हृदयाला दोष होता. हृदय थोडा वेळ बाजूला ठेवून दुरुस्त का करता येत नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला होता. दोघांनी मिळून काचेचा एक पंप तयार केला, जो शरीराबाहेर काढलेल्या अवयवात जंतू शिरू न देता पोषक द्रव फिरवत ठेवायचा. १९३५ मध्ये मांजराची थायरॉइड ग्रंथी त्यात १८ दिवस जिवंत राहिली. आज काही मोठ्या सेंटरमध्ये डोनरचं लिव्हर बर्फात न ठेवता मशीनवर चालतं ठेवतात, त्यामागची कल्पना हीच.

त्याचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा त्याने १९१२ मध्ये काचेच्या भांड्यात वाढवायला घेतला. त्या पेशी त्याच्या मृत्यूनंतरही, १९४६ पर्यंत वाढवत ठेवल्या होत्या. पेशी अमर असतात असं जग मानू लागलं. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिकने दाखवलं की साध्या पेशी ठराविक वेळाच विभागतात आणि थांबतात. बहुधा पोषण घालताना प्रत्येक वेळी नव्या पेशीही आत जात असाव्यात.

पण ही चूक किरकोळ म्हणावी अशी गोष्ट पुढे आहे.

पाटीवरून नाव का गेलं?

१९३५ मध्ये कारेलने माणूस या विषयावर एक पुस्तक लिहिलं. ते जगभर तुफान खपलं. त्यात विज्ञान होतं, अध्यात्म होतं आणि एक भयंकर विचारही होता. काही माणसं श्रेष्ठ, काही कनिष्ठ. काही गुन्हेगारांना आणि गुन्हा करणाऱ्या वेड्यांना गॅसने शांतपणे संपवावं, असं त्यात मांडलेलं होतं. जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने तिथल्या नाझी सरकारने अशा लोकांविरुद्ध उचललेल्या पावलांचं कौतुक केलं.

ज्याने शेजारी झोपलेल्या बापाचं रक्त लेकीच्या अंगात सोडलं, त्याच माणसाने कोण जगण्याच्या लायकीचं आणि कोण नाही याची यादी करायला घेतली.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स हरला, विशीचं सरकार आलं आणि जर्मनांशी जुळवून घेऊ लागलं. १९४१ मध्ये याच सरकारने कारेलला मानवी प्रश्नांवर अभ्यास करणारी एक मोठी संस्था काढून दिली. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं आणि त्याचं पद गेलं. जर्मनांना साथ दिल्याचा आरोप झाला. खटला उभा राहायच्या आधीच, ५ नोव्हेंबर १९४४ रोजी तो हृदयविकाराने पॅरिसमध्ये वारला. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या सें-जिल्दास या त्याच्या बेटावर त्याला पुरलं.

लियॉनच्या एका मेडिकल फॅकल्टीला पुढे त्याचं नाव दिलं गेलं. पण त्याचं लिखाण लोकांनी पुन्हा वाचलं, विरोध झाला आणि १९९६ मध्ये ते नाव काढलं. फ्रान्सच्या कितीतरी गावांनी त्याच्या नावाचे रस्तेही बदलले. फॅकल्टीला नवं नाव मिळालं ते लेनेकचं. स्टेथोस्कोप शोधणारा तो लेनेक. आणि लिव्हरच्या ज्या आजारामुळे आज सर्वात जास्त ट्रान्सप्लांट करावी लागतात, त्या आजाराला सिरॉसिस हे नावही त्यानेच दिलेलं.

मग टाक्याचं पुढे काय झालं?

कारेलला न सुटलेलं कोडं पीटर मेडावरने उलगडलं. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर लावलेली दुसऱ्याची कातडी का टिकत नाही, हे शोधताना त्याने दाखवलं की हे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं काम आहे. म्हणजे तिला आवर घालणारं औषध मिळालं तर रस्ता मोकळा.

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झलने माणसावरचं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं. पेशंट तीन वर्षांचं पोर होतं. रक्तस्राव थांबला नाही आणि ते टेबलावरच गेलं. १९६७ मध्ये त्याच्याच एका छोट्या पेशंटने ट्रान्सप्लांटनंतर वर्ष पार केलं. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि मग खरा फरक पडला.

१९८९ मध्ये आईच्या लिव्हरचा तुकडा लेकराला बसवण्याची ऑपरेशन्स यशस्वी झाली. आधी ब्रिस्बेनमध्ये, मग शिकागो विद्यापीठात. हो, तेच शिकागो विद्यापीठ, जिथे कारेल आणि गथ्रीने कुत्र्यांच्या किडन्या जोडल्या होत्या.

भारतात १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. सुरुवातीला तो ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल. १९९८ मध्ये दिल्लीत पावणेदोन वर्षांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवला. तो मुलगा मोठा होऊन डॉक्टर झाला.

आपल्या घरात ही वेळ आली तर?

लिव्हर हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. म्हणून जिवंत माणूस त्याचा भाग देऊ शकतो. मोठ्या माणसाला द्यायचा तर साधारण निम्म्याहून जास्त भाग काढतात आणि काही महिन्यांत दोघांचंही लिव्हर बऱ्यापैकी भरून येतं. पण डोनरचं ऑपरेशनही मोठंच असतं. त्यालाही धोका असतो, त्यालाही विश्रांती आणि काळजी लागते. सगळे पेशंटकडे धावतात आणि डोनर विसरला जातो, तसं होऊ देऊ नका.

डोनर सज्ञान असावा लागतो, रक्तगट जुळावा लागतो, लिव्हरवर जास्त चरबी चालत नाही. आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. बाकी कुणी देणार असेल तर समितीची परवानगी लागते. पैसे देऊन अवयव घेणं हा गुन्हा आहे.

आणि नाही म्हणायचा हक्क डोनरला शेवटपर्यंत असतो. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर त्याने डॉक्टरांशी एकट्याने बोलावं.

घरात डोनर मिळाला नाही तर ब्रेनडेड दात्याच्या लिव्हरसाठी हॉस्पिटलमार्फत नाव नोंदवता येतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसी या समित्या त्याची यादी सांभाळतात. हॉस्पिटलमधला ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आणि मेडिकल सोशल वर्कर या दोघांना पहिल्याच दिवशी गाठा. कागदपत्रं, मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्टची मदत, आधी ट्रान्सप्लांट झालेल्या कुटुंबांशी ओळख, हे सगळं त्यांच्यामार्फत सोपं होतं. ऑपरेशननंतरची औषधं बहुतेकांना आयुष्यभर लागतात, तो खर्चही आधीच धरून चला.

शेवटचं आणि महत्त्वाचं. लिव्हर खराब झालं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, पीत होता का? हिपॅटायटिस बी आणि सी, फॅटी लिव्हर, जन्मतः पित्तनलिका बंद असणं, विल्सनसारखे आनुवंशिक आजार, अशी कितीतरी कारणं असतात. आणि समजा दारू हे कारण असेल, तरी तोही आजारच आहे आणि त्या माणसालाही उपचाराची तेवढीच गरज आहे. पण या एका प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी घरं आजार लपवतात आणि मदत मागायला उशीर करतात.

कोण जगण्याच्या लायकीचं हे ठरवायला कारेल बसला आणि कमावलेलं नाव घालवून बसला. त्याचा टाका मात्र आजही रोज कुठल्या ना कुठल्या ऑपरेशन थिएटरमध्ये घातला जातो, समोर कोण झोपलंय हे न बघता. पुढच्या वेळी ग्रुपवर तसा मेसेज आला तर कारण विचारायच्या आधी रक्तगट वाचा.